सव्वा किलोचा प्रश्न

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस एका प्रश्नाने आमची झोप उडवली होती. प्रश्न ऐकून वाचक हसतील, परंतु खरे ते सांगितलेच पाहिजे. आमचा कॅमेरा बदलावा की बदलू नये, एवढाच तो प्रश्न. आमच्याजवळ असलेला कॅमेरा खिशात मावणारा, वजन दोनशे चाळीस ग्रॅम. जो घ्यावा असे मनात आले होते त्याचे नुसते धड साडेसहाशे ग्रॅमचे आणि त्यावर बसवायचे झूम भिंग सहाशे त्रेसष्ट ग्रॅमचे. म्हणजे एकूण सव्वा किलोहून थोडे अधिकच. पंचावन्न वर्षांच्या, डावा खांदा आधीच कुरकुरणाऱ्या माणसाने हे ओझे गळ्यात अडकवून डोंगर चढावेत काय? आणि चढावेत तर कशासाठी?

यातल्या ‘कशासाठी’चे उत्तर द्यायचे तर आमच्या दादांपासून आरंभ करावा लागेल.

दादा आमच्याहून बारा वर्षांनी मोठे. माध्यमिक शाळेत चित्रकलेचे शिक्षक म्हणून उभी हयात काढून ते निवृत्त झाले. वर्षाकाठी आमच्या वाट्याला जी पंधरवड्याची रजा येते, ती आम्ही दोघा भावांनी गेली कित्येक वर्षे प्रवासातच घालवली आहे. हंपी झाली, बदामी झाली, सांची झाली. दादांच्या पिशवीत एक वही आणि दोन पेन्सिली, आमच्या खिशात तो लहानसा कॅमेरा. दादा एका खांबापुढे तासभर मांडी घालून बसत. आम्ही तेवढ्या वेळात सारे आवार टिपून परत येत असू आणि दादा वहीतून मान वर न करता विचारीत, “झाले का पाहून?” त्या प्रश्नातली खोच आम्हास कळत असे, परंतु आम्ही ती मनावर घेतली नाही.

लहान कॅमेऱ्याचे गुण आम्हास कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती. जर्मनीतील वेट्झलर गावी लाइट्झ यांच्या कारखान्यात ऑस्कर बारनाक नावाचे एक तंत्रज्ञ होते. त्यांना दम्याचा विकार. काचेच्या प्लेटा घालण्याचे त्या काळचे अवजड कॅमेरे घेऊन चढणे त्यांना झेपेना, म्हणून १९१३-१४ च्या सुमारास त्यांनी चित्रपटाच्या फिल्मपट्टीवर चालणारा एक हाताएवढा कॅमेरा घडविला. तोच पुढे १९२५ साली ‘लायका’ या नावाने बाजारात आला आणि छायाचित्रणाचे रूप पालटून गेला. खांदा दुखू लागला की आम्ही बारनाकांचे स्मरण करीत असू आणि आपला कॅमेरा लहान आहे याचे समाधान मानीत असू.

ते समाधान मोडले ते अजिंठ्याच्या नावाने.

अजिंठा आम्ही प्रथम पाहिला तो १९८२ साली. आम्ही सातवीत होतो. दादा चोवीस वर्षांचे, नुकतेच नोकरीला लागलेले. पहिल्या पगारातून साठवलेल्या पैशांनी त्यांनी आम्हास नेले. शेजाऱ्यांकडून आग्फा क्लिक थ्री हा पेटीवजा कॅमेरा मागून आणला होता. एका रोलमध्ये बारा चौकोनी फोटो निघत. पहिल्या लेण्यात शिरलो तो डोळ्यांपुढे काळोख. मग तिथल्या एका माणसाने दाराशी आरसा धरून बाहेरचे ऊन आत फेकले. तो कवडसा भिंतीवरून सरकत सरकत एका मुखावर येऊन थांबला. किंचित झुकलेली मान, अर्धवट मिटलेले नेत्र, उजव्या हातात निळे कमळ. पद्मपाणी. दादांनी आमचा हात इतका घट्ट धरला होता की तो दुखू लागला. आम्ही मोठ्या उत्साहाने बाराच्या बारा फोटो लेण्यांच्या आतच काढले. घरी येऊन रोल धुतला तेव्हा बाराही फोटो काळेकुट्ट. दोष कॅमेऱ्याचा नव्हता, आमच्या अडाणीपणाचा होता. उघड्या उन्हासाठी केलेल्या यंत्राकडून आम्ही गुहेतले काम मागितले होते. दादा रागावले नाहीत. त्यांनी वहीत काढून आणलेले पद्मपाणीचे रेखाटन चौकटीत बसवून घराच्या ओटीवर लावले. आजही ते तेथेच आहे.

दोन वर्षांपूर्वी दादांच्या दृष्टीत फरक पडू लागला. प्रथम वाचताना ओळी वाकड्या दिसू लागल्या, मग समोरच्या माणसाच्या चेहऱ्याच्या जागी धुरकट डाग येऊ लागला. डॉक्टरांनी सांगितले की नेत्रपटलाच्या मधला भाग, ज्याने आपण बारीक पाहतो, तो वयोमानाने झिजतो आहे. कडेची दृष्टी शाबूत राहील, परंतु मधली परत येणार नाही. चित्रकलेच्या शिक्षकाला यापरते कठोर काय ऐकावयास मिळावे! दादा काही बोलले नाहीत. हळूहळू त्यांनी तिरपे पाहण्याची सवय लावून घेतली. आता ते कोणाशी बोलताना त्याच्या कानाकडे पाहतात, म्हणजे चेहरा डोळ्याच्या कडेत येतो.

आणि श्रावणातल्या एका संध्याकाळी, ओटीवरच्या त्या चौकटीकडे तिरपे पाहत ते म्हणाले, “एकदा अजिंठ्याला जाऊन यायला हवे. अजून थोडे दिसते आहे तोवर.”

इथे कॅमेरा आला. दादांना लहान चित्र दिसत नाही, पण तेच चित्र दूरदर्शन संचाच्या मोठ्या पडद्यावर आणून, एकेक भाग वाढवीत नेला, तर कडेच्या दृष्टीने त्यांना पुष्कळ उमगते. तेव्हा लेण्यात त्यांना जे दिसणार नाही ते घरी दाखवता येईल, असा आमचा हिशेब. परीक्षा म्हणून आम्ही बदामीच्या लेण्यांच्या आत काढलेले जुने फोटो पडद्यावर आणले. तळहाताएवढे असताना ते बरे दिसत, पण वाढवले तो सगळीकडे वाळूचे कण पसरल्यासारखे झाले. दादा म्हणाले, “हे दगडाचे आहे की तुझ्या कॅमेऱ्याचे?” आम्ही निरुत्तर झालो.

कारण उघड होते. कॅमेऱ्याच्या पोटात ज्या चकतीवर प्रकाश पडतो, तो सेन्सर आमच्या कॅमेऱ्यात सुमारे तेरा मिलिमीटर रुंद आणि नऊ मिलिमीटर उंच, म्हणजे एकशे सोळा चौरस मिलिमीटरांचा. मोठ्या कॅमेऱ्यातला जुन्या फिल्मच्या चौकटीएवढा, छत्तीस बाय चोवीस, म्हणजे आठशे चौसष्ट चौरस मिलिमीटरांचा. जवळजवळ साडेसात पट. पावसात वाटी ठेवली आणि परात ठेवली तर परातीत पाणी अधिक साठते, त्यातलाच हा प्रकार. अजिंठ्याच्या रंगीत लेण्यांत फ्लॅश वापरण्यास मनाई आहे आणि ती योग्यच आहे. तिपाई परवानगीशिवाय नेता येत नाही. तेव्हा जो मंद दिवा असेल त्यातच काम भागवायचे, म्हणजे परात हवी.

परंतु कागद-पेन्सिल घेऊन बसल्यावर आम्हास एक मौज आढळली. प्रकाश किती साठतो हे जसे परातीवर अवलंबून असते, तसे वरून पाणी सोडणाऱ्या तोटीवरही असते. आमच्या लहान कॅमेऱ्याच्या भिंगाचे छिद्र, दृश्य रुंद ठेवले असता, चांगले मोठे उघडते. त्याचा आकडा १.८. मोठ्या कॅमेऱ्याच्या त्या जडशीळ झूम भिंगाचा आकडा ४. हा आकडा जितका मोठा तितके छिद्र लहान. दोहोंचा वर्ग करून भागले तर लहान कॅमेऱ्याची तोटी पाच पट प्रकाश सोडते असे निघते. परात साडेसात पट मोठी, तोटी पाच पट बारीक. एक किलो अधिक वजन वागवून पदरात काय पडले? दीड पट! झूम पुढे ओढल्यावर मात्र चित्र पालटते. लहान कॅमेऱ्याचे छिद्र मिटत मिटत ४.९ वर येते आणि तेथे मोठा कॅमेरा अकरा पटींनी सरस ठरतो. दुकानदाराने यातले काही आम्हास सांगितले नव्हते, आणि आम्ही विचारलेही नव्हते.

आमच्या पुतण्याने हे सारे ऐकून घेतले व आपला फोन पुढे केला. “काका, यात रात्रीचे फोटो दिवसासारखे येतात. कशाला हवी ती परात?” त्याचे म्हणणे अगदीच चुकीचे नव्हते. फोन एकामागून एक अनेक फोटो टिपतो, ते एकमेकांवर बसवतो आणि त्यातला कचरा काढून टाकतो. आम्ही ओटीवर दिवा मंद करून दादांच्या रेखाटनाचा फोटो त्याच्या फोनने काढला व पडद्यावर आणला. चित्र स्वच्छ होते, लख्ख होते. दादा बराच वेळ तिरपे पाहत राहिले आणि म्हणाले, “पेन्सिलीची रेघ कुठे गेली? इथे मी दोनदा खोडले होते, ते कुठे गेले?” कचरा काढताना यंत्राने कागदाचा खरखरीतपणा आणि खोडल्याच्या खुणाही पुसून टाकल्या होत्या. अजिंठ्याच्या भिंतीवर तर तडे, पोपडे आणि झडलेला गिलावा हे सारेच महत्त्वाचे. पुतण्या हिरमुसला, पण त्याने वाद घातला नाही.

मग आम्ही ओझ्याची परीक्षा घ्यावयाचे ठरवले. वाण्याकडून सव्वा किलो साखर मोजून घेतली, ती कापडी पिशवीत घालून पट्टा गळ्यात अडकवला आणि आठवडाभर सकाळचे फिरणे त्या पिशवीसह केले. पहिल्या दिवशी काही वाटले नाही. तिसऱ्या दिवशी मानेला रग लागली. पाचव्या दिवशी गावातील एका आजीबाईंनी थांबवून विचारले, “फादर, कुणाकडे बारसे आहे का? साखर घेऊन फिरता ते!” आम्ही काय उत्तर द्यावे? साखर पुढे चहात संपली. परंतु एक गोष्ट लक्षात राहिली. पिशवी हलू नये म्हणून आमचा एक हात सतत तिच्यावर असे.

पैशाचाही प्रश्न होताच. आमच्या व्यवसायात पैसा फार नसतो आणि जो असतो तो छंदावर खर्चताना माणूस आजूबाजूस पाहतो. एवढ्या रकमेत एखाद्या मुलाची वर्षाची फी भागली असती हा विचार मनात आला नाही असे म्हणणे खोटेपणाचे होईल. नवा घ्यायचा नाही, वापरलेला मिळाला तरच पाहायचे, एवढे कुंपण आम्ही स्वतःस घालून घेतले.

या दिवसांत अजिंठ्याविषयी जे मिळेल ते आम्ही दादांना वाचून दाखवत होतो. १८१९ साली शिकारीस गेलेल्या जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याच्या दृष्टीस ही लेणी पडली, हे सर्वांस ठाऊक आहे. १८४४ पासून मद्रास सैन्यातील रॉबर्ट गिल यांनी तेथे राहून वर्षानुवर्षे भित्तिचित्रांच्या मोठमोठ्या तैलप्रती केल्या. लंडनजवळ सिडनहॅमच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये त्या मांडल्या होत्या. १८६६ च्या आगीत त्यांतील बहुतेक जळून गेल्या. पुढे गिल यांनी कॅमेराही हाती घेतला होता. त्यांची छायाचित्रे १८६४ साली फर्ग्युसन यांच्यासह पुस्तकरूपाने निघाली. १८७९ मध्ये त्यांचा मृत्यू झाला. त्यांची कबर भुसावळला आहे. मुंबईच्या कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स यांनी आपल्या विद्यार्थ्यांना नेऊन १८७२ ते १८८५ या काळात पुन्हा प्रती केल्या. त्यांपैकीही पुष्कळ लंडनमधल्या आगीत गेल्या. अलीकडच्या काळात बिनॉय बहल यांनी फ्लॅशवाचून, आहे त्या मंद उजेडात दीर्घकाळ भिंग उघडे ठेवून या चित्रांचे रंग टिपले व १९९८ साली त्यांचे पुस्तक प्रसिद्ध झाले. इतक्या माणसांनी इतके ओझे वाहिले, आणि आम्ही सव्वा किलोचा हिशेब करीत बसलो आहोत, असे वाटून आमचा लोभ बळावला. दादांना आम्ही म्हटले की मोठा कॅमेरा घेतोच.

दादांनी शांतपणे विचारले, “घे. पण आत गेल्यावर तू डोळ्याला कॅमेरा लावून उभा राहिलास, तर मला सांगणार कोण?”

आम्ही थबकलो.

“पायऱ्या चढताना माझा हात धरायला लागेल,” ते पुढे म्हणाले. “साखरेच्या पिशवीवर तुझा हात होता. दुसऱ्यात माझा. मग तू काय धरून चढणार?”

इतके दिवस आम्ही ग्रॅम मोजत होतो, सेन्सर मोजत होतो, हात मात्र मोजले नव्हते. हंपीच्या त्या प्रश्नातली खोच, “झाले का पाहून?”, या वेळी मात्र आम्हास लागली.

दिवाळीनंतर आम्ही निर्णय घेतला तो असा. मोठ्या कॅमेऱ्याचे वापरलेले धड घेतले, परंतु झूम भिंग घेतले नाही. त्याऐवजी पन्नास मिलिमीटरचे एकच भिंग घेतले. न लांबणारे, न आखडणारे, वजन अवघे एकशे श्याऐंशी ग्रॅम आणि छिद्राचा आकडा १.८. परातही मोठी आणि तोटीही मोठी. सारे मिळून आठशे छत्तीस ग्रॅम, पाठीवरच्या पिशवीत बसणारे. भिंत सपाट असल्यामुळे छिद्र पूर्ण उघडून पुढचे-मागचे धूसर होण्याचीही भीती नव्हती. धडातच थरथर सावरणारी यंत्रणा होती, त्यामुळे तिपाईवाचूनही काम होण्यासारखे होते. लहान कॅमेरा खिशात राहिलाच. आणि दादांशी एक करार केला. प्रत्येक लेण्यात पहिली फेरी पिशवी बंद ठेवून करायची. फोटो दुसऱ्या फेरीत.

जानेवारीत आम्ही कल्याणहून रात्रीच्या गाडीने जळगाव गाठले. फर्दापूरच्या तिठ्यापाशी खासगी वाहने थांबतात, तेथून पुढचे सुमारे चार किलोमीटर तिथल्या बसनेच जावे लागते. पायथ्याशी डोलीवाले पुढे आले. दादांनी त्यांना नमस्कार केला व आमचा दंड धरला. वाघूर नदीच्या नालाकृती वळणावर ऊन नुकते उतरत होते. पायऱ्या आम्ही मोजत चढलो. दादांना पायरीची कड दिसत नाही, म्हणून आम्ही “वर”, “सपाट”, “वर” असे सांगत होतो.

पहिल्या लेण्यात पादत्राणे काढून शिरलो. आता आरसा नाही, मंद दिवे आहेत. दादांना आम्ही आतल्या भिंतीपाशी, डाव्या बाजूस नेऊन उभे केले आणि सांगू लागलो. मुकुट असा आहे. डावा खांदा खाली आला आहे. गळ्यात मोत्यांचा सर. दादा मान वळवून, डोळ्याच्या कडेने, भिंतीच्या भलत्याच भागाकडे पाहत होते. मागून येणाऱ्या मंडळींना नवल वाटले असावे. आम्ही भुवयांपर्यंत आलो आणि अडखळलो. त्या रेषेचे वर्णन कसे करावे ते आम्हास सुचेना. दादांनीच हवेत बोट उचलून ती रेषा काढली. डावीकडून उजवीकडे, एका दमात. ती बरोबर होती. आम्ही भिंतीकडे पाहिले, बोटाकडे पाहिले. त्रेचाळीस वर्षांपूर्वी ती त्यांच्या हातात शिरली होती, डोळ्यांवर तिची भिस्त उरली नव्हती.

आत फार वेळ रेंगाळू देत नाहीत. बाहेर ओसरीत दादांना बसवून आम्ही पुन्हा एकटे आत गेलो, कठड्याशी उभे राहिलो, श्वास रोखून एकोणीस फोटो घेतले. सतराव्या लेण्यातही तसेच केले. झूम नसल्यामुळे वरचे पुष्कळ सुटले. छतावरच्या काही चित्रांची आम्हास आजही हळहळ वाटते. खिशातल्या कॅमेऱ्याने आम्ही एकच फोटो काढला. ओसरीच्या खांबाला टेकून, डोळे मिटून बसलेले दादा.

घरी आल्यावर पडदा लावला. पद्मपाणीचा चेहरा भिंतभर झाला. तडे दिसत होते, झडलेला रंग दिसत होता आणि वाळू नव्हती. दादा खुर्ची पुढे ओढून, कडेने, एकेक वीत सरकत पाहत होते. वहिनी चहा घेऊन आल्या, तो गार झाला. अर्ध्या तासाने दादा उठले, ओटीवर गेले, चौकट भिंतीवरून काढून आणली आणि पडद्याशेजारी धरावयास आम्हास सांगितले.

“हनुवटी चुकली होती माझी,” ते म्हणाले. “बघ. मी फार टोकदार केली. चोवीस वर्षांचा होतो, घाई असते.”

मोठा कॅमेरा घेतला हे बरे केले की वाईट, याचे उत्तर वाचकांनी आमच्याकडे मागू नये. खांदा अजून कुरकुरतो. तो कॅमेरा आता कपाटात आहे आणि पुढच्या रजेत तो बाहेर निघेल की नाही हे दादा कोठे जायचे म्हणतात त्यावर ठरेल. सध्या ते रोज सकाळी पडद्यापुढे बसून एका मोठ्या कागदावर जाड कोळशाने हनुवटी दुरुस्त करीत आहेत. तीन कागद झाले. चौथ्याला आम्ही बाजूस उभे राहून कोळसा देत होतो, तेव्हा त्यांनी तिरपे पाहत विचारले, “झाले का पाहून?”

या वेळी आम्ही नाही म्हटले.